खिडकीखालच्या पायऱ्या

फाल्गुन लागला की लोकांना होळी आठवते, मला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. घरात केळी असोत नसोत. कपाशीची शेवटची वेचणी झालेली असते, रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेल्या कापसाचे पुंजके लटकत असतात, घाटात पळस पेटलेला असतो, आणि माझ्या नाकाला एकदम केळी. नवरा म्हणतो, तुझं नाक दाखवून घे कुणाला तरी. त्याला काय सांगणार! तो कॉमर्सचा माणूस. प्रॅक्टिकल परीक्षेचा मोसम ज्यानं काढला नाही, त्याला फाल्गुन म्हणजे नुसता उन्हाळ्याच्या अलीकडचा महिना.

आमच्यासाठी तो एक वेगळाच ऋतू होता. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी यवतमाळला खोली करून राहिले. माझं गाव महागाव. खोलीत सोबत वंदना, ती फुलसावंगीची. आमच्या दोघींच्या घरी कपाशी आणि सोयाबीन, त्यामुळे बाजारभावाबद्दलची कुरकुर आणि पावसाबद्दलचे अंदाज सारखेच. तिसरी शाहीन. ती नेरची, तिच्या वडिलांचं मोटारींचं गॅरेज. ती रोज एसटीनं ये-जा करायची आणि डब्यात आमच्यासाठी जास्तीच्या पोळ्या आणायची. चौथा प्रफुल, जो आमचा मित्र कसा झाला ते आम्हालाही कधी कळलं नाही. पण बोलायला त्याच्याइतकं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून ठेवला होता. आणि या चौघांच्या मधोमध, न बसता बसलेले, गावंडे सर.

सर आम्हाला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायचे. लॅब पहिल्या मजल्यावर. लॅबच्या कोपऱ्यात सरांची लहानशी खोली, आणि त्या खोलीच्या बाहेरच्या अंगाला, खाली, कडुनिंबाच्या सावलीत दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर दोन वर्षं आम्ही एकच विषय खऱ्या आवडीनं शिकलो : गावंडे सर कसे आहेत. पेपरात हा प्रश्न आला असता तर आम्ही विद्यापीठात पहिले आलो असतो.

मतं अर्थात एकासारखी एक नव्हती. प्रफुलचं मत सरळ. "खडूस आहे बाप्पा. माणूस नाही तो, थर्मामीटर आहे." वंदना म्हणायची, "मले तं भेवच वाटते त्यायचं. नुसते मागं येऊन उभे राह्यले तरी थेंबायचा हिशोब चुकते." शाहीन बाजू घ्यायची. "सर मनाचा चांगला आहे यार, पण तोंडाले कुलूप लावून ठेवलं त्यायनं." वरच्या वर्गातली मुलं जाताना आम्हाला शहाणपण देऊन गेली होती, तेही मतांचंच : पहिल्या टेबलावर उभं राहायचं नाही, पदार्थ कमी निघाला तर कमीच लिहायचा, वाढवून लिहिलेला आकडा सर ओळखतात, आणि मग काही बोलत नाहीत, नुसते बघतात. ते बघणं शिवीपेक्षा वाईट, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही पुढे ते स्वतः तपासून पाहिलं. खरं होतं.

माझं मत काय होतं? मी सर्वांच्या मतांना मान डोलवायची आणि मनात एकच धरून बसायची. सरांनी मला एकदा "चांगलं" म्हणावं. बस, एवढंच. आपण केलेले स्फटिक काचेच्या बशीत घेऊन सरांकडे जायचं असे. सर बशी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. जरा इकडे, जरा तिकडे कलती करायचे. स्फटिक चकाकायचे. मग सर म्हणायचे, "हं." आणि बशी परत. त्या "हं"वर आम्ही पायऱ्यांवर तासन्‌तास घालवले आहेत. प्रफुलच्या मते सगळे "हं" सारखे होते. शाहीनच्या मते त्यात फरक होता, एक "हं" खाली जाणारा आणि एक वर जाणारा. माझे सगळे "हं" मला खाली जाणारेच ऐकू यायचे.

त्या मोसमाचा सगळा थाट पाण्याभोवती होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी यवतमाळच्या नळांनी मान टाकली की लॅबच्या नळांतून नुसती हवा यायची. आणि सेंद्रिय रसायनाला तर पाणी हवंच. काहीही उकळायला ठेवलं की वर काचेची दुहेरी नळी, कंडेन्सर, लावायची. तिच्या बाहेरच्या नळीतून गार पाणी फिरत राहिलं की आतली वाफ थंड होऊन परत खाली टपकते. पाणी थांबलं की वाफ पळाली, आणि सकाळपासूनची मेहनतही तिच्याबरोबर पळाली. मोठ्या शहरातल्या कॉलेजात नळ सोडून ठेवतात, पाणी मोरीत जातं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा हात नळ बंद करायला पुढे गेला होता.

आमच्याकडे सरांची पद्धत होती. एक बादली उंच स्टुलावर, एक खाली फरशीवर. वरच्या बादलीतलं पाणी रबरी नळीनं कंडेन्सरमधून फिरून खालच्या बादलीत पडायचं. खालची भरली की ती वर, वरची रिकामी झालेली खाली. तेच पाणी, दिवसभर. प्रत्येकाची बादलीची पाळी ठरलेली. आणि संध्याकाळी ते कोमट झालेलं पाणी सर स्वतः जिन्यावरून खाली न्यायचे आणि कडुनिंबाच्या आळ्यात ओतायचे. ओतायचे म्हणजे भसकन नाही, आळ्याच्या कडेनं सावकाश. त्याखेरीज व्हरांड्यात एक माठ होता. त्याचं पाणी सर घरून कॅनमध्ये स्कूटरवर आणायचे. ते फक्त प्यायचं. त्यातला एक पेलाही कंडेन्सरला मिळायचा नाही.

आता ते केळ्यांचं. एका उकाड्याच्या दुपारी वंदना केळ्याच्या वासाचा एस्टर, अत्तरासारखं एक द्रव्य, करत होती. बादलीची पाळी प्रफुलची, आणि प्रफुल अर्थातच पायऱ्यांवर. वरची लवकर संपू नये म्हणून त्यानं तिच्यात जास्तीचं पाणी ओतलं होतं, त्यामुळे खालची बादली भरली आणि पाणी काठावरून फरशीवर सांडायला लागलं. दुसऱ्या गावची कुणी असती तर म्हणाली असती, सांडू दे, आधी माझं काम. वंदनेनं खाली वाकून रबरी नळी चिमटीत गच्च दाबून धरली आणि प्रफुलला हाका मारत बसली. पाणी सांडायचं थांबलं, कंडेन्सरही थांबला. थोड्या वेळानं सगळी इमारत केळीच्या वखारीसारखी घमघमायला लागली. ऑफिसातले लोक वर येऊन विचारून गेले, कोणाचा वाढदिवस आहे का म्हणून. वंदना तशीच नळी धरून उभी, आणि तिच्या फ्लास्कमध्ये तळाला काळपट रस. सर आले, त्यांनी फ्लास्क पाहिला, नळी पाहिली, बर्नर बंद केला. म्हणाले, "सोड आता."

ती पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडली. "मले नाही जमत वं हे. मी उद्याच्या गाडीनं घरी जातो. पाणी वाहून राह्यलं ते मले पाहवलंच नाही. आमच्या घरी कोणी पाणी सांडलं तं आबा जेवत नाही." मी तिची पाठ थोपटत होते. प्रफुल वर जाऊन फरशी पुसून आला. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरलेलीही होती. मी तिला कशीबशी ओढत लॅबमध्ये नेली. सरांनी तिच्याकडे न बघता, फळा पुसता पुसता, सगळ्या वर्गाला सांगितलं, "पाणी सांडताना पाहून ज्याचा हात आपोआप पुढं जाते, त्या माणसाले मी लॅबमधून जाऊ देणार नाही. बाकीचं शिकवता येते, ते येत नाही." मग तिच्या टेबलावर एस्टरचं सामान पुन्हा मांडून ठेवलेलं आम्ही पाहिलं. तेव्हा वाटलं, योगायोग. सरांना काय ठाऊक ती जायला निघाली होती ते!

वंदना आज पुण्याला औषधांच्या कंपनीत आहे. शाहीन नेरलाच शिकवण्या घेते, बाहेर चपलांची रांग लागलेली असते म्हणे. प्रफुल कीटकनाशकांच्या दुकानात बसतो आणि शेतकऱ्यांना रेणूंची नावं सांगून घाबरवतो. आणि मी दुसऱ्या एका तालुक्याच्या कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्रच शिकवते. आता मुलं मास्तरांबद्दलची मतं पायऱ्यांवर मांडत नाहीत, मोबाईलवर चांदण्या देतात. वर्षअखेरीला आमच्याबद्दलची ती मतं आम्हाला दाखवली जातात आणि आम्ही ती मनावर घेत नसल्याचा आव आणतो. मागच्या वर्षी माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं : मॅडम शिकवतात छान, पण कधीच चांगलं म्हणत नाहीत. मला राग आला. मग हसू आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर मुलाकडे नागपूरला गेले होते, तिथेच गेले. आम्हाला कळलं तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. त्या दिवशी शाहीनचा फोन आला आणि आम्ही दोघी एकेक जुनं आठवत बसलो. शेवटी ती म्हणाली, "अगं, त्यायनं जाताना पण 'हं' केलं असेल." आणि दोघी हसता हसता रडलो. मला एकच खंत लागून राहिली. त्या माणसाला आमच्याबद्दल काय वाटत होतं, ते आता कधीच कळणार नाही. आमची मतं आम्ही इतकी उधळली, त्याचं एकही आमच्या पदरात पडलं नाही.

यंदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, ती नेमकी माझ्या जुन्या कॉलेजात. घाटातून गाडी चढताना पळस पाहिला आणि नवऱ्याला हवं ते म्हणू दे, मला केळ्यांचा वास आला. लॅब तीच. टेबलांवरचे डाग तेच, मी एक दोन ओळखलेसुद्धा. बादल्या आहेत, पण आता त्यात कूलरची छोटी मोटर सोडलेली. खालच्या बादलीतलं पाणी तीच वर ढकलते. कुणाला पाळी नाही, कुणाला उचलणं नाही. मला बरंही वाटलं आणि वाईटही, आणि वाईट का वाटलं याचा स्वतःवरच थोडा राग आला. चांगली सोय झाली आहे की मुलांची! मोटर बारीक घूं घूं करत होती. माठाच्या जागी थंड पाण्याचं यंत्र आहे.

परीक्षा सुरू झाली. एक एक मूल आपली बशी घेऊन माझ्यापुढे येत होतं. एक मुलगी आली, दाभा का कुठल्याशा गावची, ओढणीला घाम पुसत. तिनं बशी पुढे केली आणि मी ती उचलून खिडकीपाशी नेली. ठरवून नाही, पाय आपोआप गेले. उजेडात कलती केली. ॲसिटॅनिलाइडचे स्वच्छ पांढरे पापुद्रे, एकाला एक चिकटलेले नाहीत, पिवळेपणा नाही, आणि तेही इतक्या उकाड्यात. इतके नीट स्फटिक मी माझ्या आयुष्यात दोनदा-तीनदाच पाहिले असतील. मी म्हणाले, "हं." आणि बशी तिला परत दिली.

दुपारी मला चहा घ्यायला सरांच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. त्या खुर्चीवर मी विद्यार्थिनी असताना कधी बसले नव्हते. त्या खोलीत उंबऱ्याच्या आत कुणी गेलेलंच नव्हतं. खिडकी उघडी होती. चहाचा पहिला घोट घेतला आणि मला बोलणं ऐकू आलं. कुजबुज नाही, स्पष्ट, जणू कुणी माझ्या टेबलापाशीच बसून बोलत होतं.

"लय कडक आहे वं बाहेरची मॅडम."

"काहून? काय म्हटलं?"

"काहीच नाही म्हटलं. उजेडात धरून पाह्यलं अन्‌ नुसतं 'हं' केलं. माहे स्फटिक खराब आले काय वं?" मग नाक ओढल्याचा आवाज.

मी कप खाली ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. बरोबर खाली त्या पायऱ्या. कडुनिंब वाढून पहिल्या मजल्यापर्यंत आला आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना भिंत, वरून हा आमचा मजला. तिथे बोललेला शब्द दुसरीकडे जायला जागाच नाही, तो सरळ वर येतो. आमच्या वेळी लॅबमध्ये एक खडखडणारा पंखा होता. त्याच्या आवाजात वर काही जात नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पंखा लॅबमध्ये होता. ही खोली भिंतीपलीकडे.

दोन वर्षं. खडूस. थर्मामीटर. तोंडाला कुलूप. सगळं या खुर्चीपर्यंत आलं होतं.

माझे कान तापले. आणि मग एकेक गोष्ट, इतकी वर्षं वेगवेगळी पडलेली, जागेवर येऊन बसायला लागली. पायऱ्यांवर शाहीन म्हणाली होती की प्रॅक्टिकल लांबतं, नेरची बस सुटते, मग अंधार पडल्यावर एकटीनं जावं लागतं, अब्बू कॉलेज सोडवायचं म्हणतात. त्याच आठवड्यात सरांनी प्रॅक्टिकल सकाळी आणलं होतं. कारण काय दिलं? "सकाळी पाणी थंड राहते, स्फटिक चांगले येतात." प्रफुलनं बादली उचलून कंबर धरल्याचं गाऱ्हाणं केलं, तर स्टूल बदलून बुटकं आलं, कारण, जुनं डगमगतं. आणि वंदनेची पिशवी. फळा पुसता पुसता बोललेलं ते वाक्य. त्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्याबद्दल त्यांना काय वाटतं ते ते रोज सांगत होते, फक्त आम्हाला वाटायचं की ते पाण्याबद्दल आणि स्टुलाबद्दल बोलत आहेत.

मग मला माझं आठवलं. शेवटचा दिवस. तोंडी परीक्षा संपली होती आणि आम्ही चौघं पायऱ्यांवर. मी एरवी मान डोलवणारी, पण त्या दिवशी भरून आलं आणि म्हणाले, "दोन वर्षांत एकदा तरी चांगलं म्हणायले काय झालतं सरले? मी तं तेवढ्यासाठीच झटत होतो." थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. सर, हातात बादली. त्यांनी पाणी आळ्यात ओतलं, आळ्याच्या कडेनं, सावकाश. बादली रिकामी झाली तरी ते गेले नाहीत. आमच्यासमोर, माझ्यासमोर, येऊन उभे राहिले. आम्ही उठलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि म्हणाले, "पाणी प्यायले का सगळे?"

"हो सर," आम्ही म्हणालो.

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. बादलीची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग वर गेले. त्यांची पाठ वळल्याबरोबर प्रफुलनं नक्कल केली आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढची कित्येक वर्षं ती आमची हमखास गंमत होती. कुणी भेटलं की, पाणी प्यायले का सगळे?

मी चहा तसाच ठेवून खाली उतरले. जिना उतरताना मी काय बोलायचं ते जुळवून घेतलं होतं. परीक्षकानं मार्क सांगायचे नसतात, पण स्फटिक छान आलेत एवढं म्हणायला कुठला नियम आडवा येतो? पायऱ्यांपाशी पोचले. मुलं दचकून उभी राहिली. ती मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि माझ्या कानांनी मला म्हणताना ऐकलं,

"पाणी प्यायलात का सगळे?"

"हो मॅडम."

पुढे शब्द येईना. मुलं माझ्याकडे बघत होती. वळून निघून जाणं सोपं होतं; पाय वळलेसुद्धा. कडुनिंबाच्या आळ्यात कोरडी पानं साचली होती. मी परत फिरले.

"तुझे स्फटिक," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "फार चांगले आले आहेत बेटा. फार चांगले."

ती बघतच राहिली. मग तिनं आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं, जणू ते तिचे नव्हतेच, आणि तिला हसू आवरेना.

मी मान वर करून त्या उघड्या खिडकीकडे पाहिलं. तिथे बोललेलं सगळं वर पोचतं, हे आता मला माहीत होतं, म्हणून हळूच म्हणाले, "सोपं नाही जी सर ते. कळलं मले."